शुगरचे टार्गेट समजून घेताना: जेवणानंतरचे दोन तास कुठून मोजायचे?

मला डायबिटीस होऊन अठरा वर्षे झाली. "शंभरच्या आत ठेव गं, बाकी काही नाही," हा सल्ला इतक्या वेळा ऐकलाय की आता मी समोरच्याला फक्त चहा देते, बिनसाखरेचा. शंभरच्या आत हे डायबिटीस नसलेल्यांचे, तेही उपाशीपोटीचे माप आहे. तुमचे वेगळे असते, आणि ते समजून घ्यायला आठवडाभर पुरतो. ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स आणि एक वही घरात आहे असे धरून चालते.

आधी स्वतःचे आकडे लिहून घ्या. लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडे छापलेली ७० ते १०० ची रेंज तुमचे टार्गेट नाही. तुमची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, ११८ आली की रिपोर्टमध्ये ती ठळक अक्षरांत येते आणि घरात सुतक पडते. खरे तर अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मापाने डायबिटीस असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या आत हे ठीक आहे. ११८ म्हणजे पास. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा वारंवार शुगर उतरणाऱ्या माणसाला डॉक्टर मुद्दाम सैल टार्गेट देतात. गरोदरपणात उलट कडक असते: फास्टिंग ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत. म्हणून "माझे टार्गेट काय?" असे डॉक्टरांना सरळ विचारा आणि उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शेजारणीचे टार्गेट शेजारणीला.

बोट टोचा. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, बोटाच्या कडेला. आंबा कापलेल्या हाताने तपासाल तर आंब्याची शुगर कळेल.

आता जेवणानंतरची, म्हणजे दोन तासांनी तपासायची शुगर. इथे मी दोन वर्षे फसले. फास्टिंग १२० च्या आसपास, जेवणानंतरची १५० ते १६०, वही कशी सुंदर. आणि एचबीए१सी आली ८.२. म्हणजे तीन महिन्यांची सरासरी १९० च्या जवळपास! मी लॅब बदलली, मीटर बदलले, मीटर विकणाऱ्याशी भांडले.

चूक माझ्या घड्याळात होती. मी दोन तास मोजत होते हात धुतल्यापासून. आमच्याकडे जेवण म्हणजे भाजी-पोळी, मग भात, मग ताक, मग टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत ताटावरच गप्पा. पाऊण तास सहज जातो. माझे "दोन तास" प्रत्यक्षात पावणेतीन असायचे आणि तोवर शुगर वर जाऊन खालीही आलेली असायची. दोन तास पहिल्या घासापासून मोजतात. तसे मोजल्यावर पहिल्याच दिवशी २१४ दिसले. वाईट वाटले, पण कोडे सुटले. आता मी पहिला घास घेण्याआधी फोनवर अलार्म लावते. नवरा म्हणतो, नैवेद्य दाखवल्यासारखे करतेस.

दुसरी खोड त्याहून वाईट: तपासणीच्या दिवशी शहाण्यासारखे जेवायचे. रोज दोन वाट्या भात आणि लॅबच्या दिवशी एक भाकरी नि मेथीची भाजी. हा रिपोर्ट मेथीचा झाला, तुमचा नाही. रोजचेच जेवण जेवा, आणि जेवणाबरोबरच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्या नसतील तर नेहमीप्रमाणे घ्या.

तिसरी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. जेवणानंतरचा सुटा आकडा फारसा काही बोलत नाही, जेवणाआधीचाही हवा. आधी ११५ आणि नंतर २०५ असेल तर ताटात गडबड आहे. आधीच १७५ आणि नंतर २०५ असेल तर बिचाऱ्या भाताला शिव्या देऊ नका, गडबड जेवणाआधीची आहे आणि ती डॉक्टरांना दाखवायची. आठवड्यात चार अशा जोड्या पुरतात: एक पोह्यांची, एक दुपारच्या जेवणाची, एक रात्रीची, एक उपासाची. साबुदाण्याच्या खिचडीने मला २४० दाखवले होते, तेव्हापासून माझी एकादशी राजगिऱ्यावर आणि तीही बेताने. मग एकेकच बदल करून पाहा. भात अर्धा, किंवा आधी कोशिंबीर-उसळ आणि भात शेवटी, किंवा जेवून पंधरा मिनिटे चालणे. तिन्ही एकदम केलेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मला सगळ्यांत जास्त फरक चालण्याने पडला. कारल्याच्या रसाने फक्त तोंड कडू झाले.

आणि १७८ व १८६ मध्ये तुलना करत बसू नका. चांगल्या मीटरमध्येही १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकते.

खालची रेघही आखा. ७० च्या खाली गेलात तर ती शाबासकी नव्हे. शंभरच्या हट्टापायी मी ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेऊन रात्रीचे जेवण टाळले आणि पहाटे तीनला घामाने भिजून, थरथरत उठले. मीटरवर ५८. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. पेढा नको, चॉकलेट नको, स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. ती उशाशी ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

एचबीए१सी दर तीन महिन्यांनी, किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्टही सोबत न्या. आणि वही न्या. जोडीतल्या आकड्यांना पेनाने गोल करून ठेवा, डॉक्टरांकडे पाच मिनिटे असतात.