गळ्याचं ऑपरेशन ठरलंय? स्वरयंत्राबद्दल एवढं बघून जावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरात कुणाचं थायरॉईडचं ऑपरेशन ठरलं की सगळे टाक्यांचं विचारतात, आवाजाचं कोण विचारत नाही. ते विचारायला पायजे, आणि बाई-पुरुषाचा गळा आतून वेगळा असतोय म्हणून थोडं वेगवेगळं विचारायला पायजे.

पहिला हाताने बघा की. मान जरा मागं करून हनुवटीखालून मधोमध बोट खाली आणा. पुरुषाचा कंठमणी लगेच लागतो कारण कूर्चेच्या (मऊ हाडाच्या) दोन पाट्या साधारण ९० अंशात जुळतात, बाईत तो कोन १२० च्या आसपास, म्हणून समोर सपाट लागतं. त्याखाली मऊ खाच, मग कडक रिंग. भूल देताना श्वासाची नळी घशात जाईना, श्वास अडकला तर डॉक्टर त्या खाचेतूनच वाट काढतात आणि बायकांत ती चाचपून सापडायला अवघड, त्यामुळं गाठ मोठी असेल तर सोनोग्राफीने बघून आधीच खूण करणार काय हे भूल देणाऱ्या डॉक्टरना बिनधास्त विचारा.

स्वरतंतू पुरुषाचे साधारण १७ ते २५ मिलिमीटर, बाईचे १२.५ ते १७.५. म्हणूनच भजनात पुरुष पेटीवरची काळी एक-दोन धरतात नि बायका काळी चार-पाच. भुलीची नळी पण बाईला बहुतेक ७ नंबरची, पुरुषाला ८ ची.

आता खरं महत्त्वाचं. थायरॉईडच्या वरच्या टोकाला जिथं रक्तवाहिनी बांधतात तिथनंच एक बारीक नस जाते, ती तंतू ताणणाऱ्या स्नायूची, ती दुखावली तर साधं बोलणं बरं वाटतं पण वरचा सूर लागत नाही आणि आवाज लवकर दमतो. शाळेत शिकवणाऱ्या, भजन म्हणणाऱ्या बाईचं यात फार नुकसान होतंय, म्हणून सर्जनला हे आधीच सांगा, डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर नीट सांगणारं कुणीतरी सोबत न्या, दुर्बिणीने तंतू तपासून घ्या आणि मोबाईलवर बोलणं नि वरचा सूर दोन्ही रेकॉर्ड करून ठेवा.

खालची मोठी नस दुखावली तर आवाज घोगरा, हवेशीर होतो. बरेचदा काही महिन्यांत सुधारतो, नाहीतर कूर्चेला खिडकी पाडून तंतू मध्ये सरकवतात. हे ऑपरेशन जपानच्या इशिकींनी १९७४ मध्ये मांडलं. खिडकी पुरुषात मध्यरेषेपासून साधारण ७ मिलिमीटर मागं घेतात, बाईत ५, कारण कूर्चाच लहान.

थायरॉईड सोडून एक, वयात आलेल्या पोराचा आवाज बारीकच राहिला तर आधी स्पीच थेरपी करा, बहुतेक तेवढ्यात जमतं. नाहीच जमलं तर कूर्चेची पट्टी काढून तंतू सैल करतात, तेही बरेचदा पेशंटला न झोपवता, त्याला बोलायला लावून सर्जन आवाज ऐकत ऐकत किती काढायचं ते ठरवतो.