कासवांच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

समुद्री कासवांच्या प्रकल्पात संशोधन सहायक म्हणून येणाऱ्या बहुतेकांना कासव बघायचं असतं. त्यात गैर काही नाही. पण रात्रीचा बराच वेळ फॉर्म भरण्यात जातो आणि दर हंगामात घोळ होतो तोही तिथेच.

सगळ्यात महागात पडते ती तारीख. गस्त रात्री सुरू होऊन पहाटे संपते, मध्ये बारा वाजून जातात. एका हंगामात एक मादी बारा वाजायच्या थोडं आधी खड्डा खणत होती. पहिल्या गटाने टॅगचा, म्हणजे कासवाला लावलेल्या ओळखपट्टीचा, नंबर वाचून फॉर्म भरायला घेतला. बारानंतर दुसरा गट मदतीला आला आणि त्यांनी स्वतःचा वेगळा फॉर्म भरला, नव्या तारखेचा. कागदावर घरटी दोन, वाळूत एकच. पुढे त्या 'दुसऱ्या' घरट्याच्या शोधात दोन उत्साही मुलं खऱ्या अंड्यांपासून वीतभर अंतरावर हाताने वाळू उपसत होती. एका जुन्या कार्यकर्त्याने ओरडून थांबवलं म्हणून बरं. एकच मादी लागोपाठ दोन रात्री अंडी घालत नाही, मध्ये सहसा दीड-दोन आठवडे तरी जातात. टॅगचा नंबर ताडून बघितला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

मी तारीख '१४-१५ची रात्र' अशीच लिहिते आणि वेळ २४ तासांच्या घड्याळाने: ००:४०. 'सकाळी बघून भरू' म्हणून वेळेचा रकाना मोकळा सोडणाऱ्यांबरोबर गस्तीला जायला मला आवडत नाही.

डावा-उजवा फ्लिपर (वल्ह्यासारखा पाय) कासवाचा, तुमचा नव्हे. शेपटीमागे उभं राहून तिच्याच दिशेला तोंड करा, मग लिहा.

मोजलं नसेल तर रेघ मारा. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही.

अंडी मूळ घरट्यातून हॅचरीत, म्हणजे ती सांभाळायला केलेल्या राखीव जागेत, हलवताना घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आईच्या पोटात ऑक्सिजन कमी असल्याने गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडं बाहेर आलं की ती पुन्हा सुरू होते आणि काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरू शकतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. कळतं ते दीड-दोन महिन्यांनी, घरटं उकरताना. म्हणून दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत उरकायला बादली काठोकाठ भरू नका, बादली हलवत पळू नका. अंडी घालून किती वेळ झाला याची खात्री नसेल तर हात लावण्याआधी गटप्रमुखाला विचारा.

हॅचरीतला खड्डाही मूळ घरट्याइतकाच खोल हवा, तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. उथळ खड्डा जास्त तापतो, आणि पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं: साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. हात दुखले म्हणून खणणं अर्ध्यावर सोडलंत तर तुम्ही पिल्लांचं लिंगही बदलता.

मादी पाण्यातून वर येत असताना उजेड नको, हालचालही नको. बिचकली तर अंडी न घालताच परत फिरते. लाल टॉर्च आहे म्हणून तिच्या डोळ्यांवर मारायची मुभा मिळत नाही. मोजमाप अंडी घालून झाल्यावर, मागच्या बाजूने जाऊन.

पिल्लांना पाण्याच्या बादलीत ठेवू नका. ती तिथेच पोहत राहतात आणि खोल समुद्र गाठायला लागणारी ताकद बादलीतच संपते.

नुसत्या जीपीएसवर विसंबू नका. त्यात काही मीटरची चूक सहज असते आणि घरट्याचं तोंड असतं वीतभर. मी दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतर घेते, पाऊस असला तरी.

आणि मोजून झालेल्या मागावर (वाळूत उमटलेल्या कासवाच्या वाटेवर) पायाने आडवी रेघ ओढा, नाहीतर पहाटेचा गट तोच माग पुन्हा मोजेल.