ताडीतल्या यीस्टचं खरं नाव

वसईहून लोकलने आणलेल्या ताडीच्या बाटलीचं बूच दादरला उडालं. डब्यातल्या बायका अजून हसतात. उरलेल्या ताडीतून मी यीस्ट वेगळं केलं: प्लेटवर चपटी, सुरकुतलेली, पांढुरकी वसाहत, सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशी. जुन्या वहीत अशाला 'कॅन्डिडा क्रुसाय' लिहिलंय. पण दिसण्यावरून नाव देऊ नका, तिथेच फसगत होते.

आधी एकाच वसाहतीतून दोनदा रेघा ओढून शुद्ध कल्चर घ्या. डीएनए काढा, यीस्टची भिंत चिवट, काचेच्या मण्यांबरोबर चांगलं घुसळा. मग एनएल१ आणि एनएल४ प्रायमर (डीएनएवर ठरावीक जागी चिकटणारे छोटे तुकडे) लावून २६एस आरआरएनए जनुकाचा डी१/डी२ भाग (जातीगणिक बदलणारा तुकडा) पीसीआरने वाढवा, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढा; डीएनएची साधारण ६०० अक्षरं मिळतात. सिक्वेन्सिंग, म्हणजे ही अक्षरं क्रमाने वाचणं, दोन्ही बाजूंनी करा.

खरी मेख तुलनेत आहे. ब्लास्टमध्ये (आपला क्रम डेटाबेसातल्या नोंदींशी जुळवणारं साधन) पहिलं आलेलं नाव उचलू नका; डेटाबेसात चुकीच्या नावाच्या नोंदी असतात. टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे त्या जातीच्या अधिकृत नमुन्याशीच, ताडून बघा. कर्ट्झमन आणि रॉबनेट या यीस्ट-संशोधकांनी १९९८ मध्ये सुमारे ५०० जाती तपासून ठोकताळा दिला: ० ते ३ अक्षरांचा फरक असेल तर बहुधा एकच जात, ६ किंवा जास्त असेल तर वेगळी. मधेच अडकलात तर आयटीएस हा आरआरएनए जनुकांमधला भागही वाचा.

माझं यीस्ट पिकिया कुद्रियावझेवीच्या टाइपशी तंतोतंत जुळलं. म्हणजे तोच जुना क्रुसाय, आडनावासकट नाव बदललेला! फ्रीजरमधल्या नळीवर मी दोन्ही नावं लिहिली. दवाखान्यातले लोक अजून क्रुसायच म्हणतात.