तयार खोलीत भिंतीवरचे दिवे लावताना या चुका टाळा

गणेश चवथीआधी घराला रंग द्यायचा आणि त्याच धांदलीत हॉलमध्ये दोन वॉल लाइटही लावून घ्यायचे, असं फोंडा-डिचोलीकडच्या कितीतरी घरांत ठरतं. पहिली चूक इथेच होते. भर पावसात चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत ओल धरून असते. वायरीसाठी भिंतीत झिरी मारून, ती सिमेंटने बुजवून लगेच रंग दिला की तेवढा पट्टा फुगतो, त्यावर पांढरी खार येते. भिंत फोडायचीच असेल तर डिसेंबर ते मे हे कोरडे महिने धरा. दिवे चवथीलाच हवे असतील तर केसिंग-कॅपिंगची पट्टी (भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची प्लास्टिक पट्टी) दाराच्या चौकटीलगत सरळ वर न्या आणि तिला भिंतीचाच रंग द्या. दिसायला ती अजिबात वाईट दिसत नाही.

झिरी मारली तर ती बोर्डाच्या किंवा दिव्याच्या रेषेत, उभी किंवा आडवी. वायर वाचावी म्हणून तिरकी कधीच नको. पुढे कोणीतरी फोटो टांगायला नेमका तिथेच खिळा ठोकतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीची. जवळच्या बोर्डातून इन्व्हर्टरची फेज (करंट आणणारी वायर) घेतली आणि न्यूट्रल मेनची जोडली, तरी दिवा लागतो, म्हणून काम झालं असं वाटतं. मग वीज असतानाच आरसीसीबी (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) पडायला लागते. आरसीसीबी जाणारा आणि परतणारा करंट ताडून पाहते. घरगुती आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरची असते, म्हणजे दोन्हींत एवढा फरक दिसला की ती पडते, आणि 9 वॅटचा साधा एलईडीसुद्धा साधारण 40 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एवढासा दिवा सगळ्या घराची वीज घालवू शकतो. लोक दिवा बदलतात, मग आरसीसीबी बदलतात. बदलायला हवं असतं फक्त जोडणीचं टोक. फेज ज्या सर्किटची, न्यूट्रलही त्याच सर्किटची, हे इलेक्ट्रिशियनला आधीच बजावून सांगा.

बटण बंद करूनही एलईडी मंद जळत राहिला तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का ते तपासून घ्या. बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळेही असं होतं.

जुन्या घरांत लाइटच्या पॉइंटला बऱ्याचदा दोनच वायरी असतात. तिथे पितळी दिवा अर्थिंगशिवाय लावू नका. एक तर हिरवी वायर ओढून घ्या, नाहीतर प्लास्टिक बॉडीचा दिवा निवडा.

चिरा सच्छिद्र असतो. हॅमर मोडवर ड्रिल केलं की भोक मोठं होतं, गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची खुंटी) फिरत राहते आणि जड दिवा झुकतो. हॅमर बंद ठेवून बारीक बिटने सुरुवात करा, गिट्टी लांब घ्या.

उंचीचं म्हणाल तर साडेपाच ते सहा फूट बहुतेक खोल्यांना चालते. तरी भोक पाडण्याआधी रात्री कोणाला तरी तिथे लागलेला दिवा धरायला सांगा आणि सोफ्यावर बसून पाहा. बल्ब थेट डोळ्यांत येत असेल, किंवा खिडकीचं दार आत उघडून दिव्यावर आपटत असेल, तर खूण सरकवा.