हायमेनॉप्टरस: शब्द फोडताना या चुका टाळा

मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या ज्या गणात येतात, त्याला लिनियसने १७५८ मध्ये हायमेनॉप्टेरा म्हटलं. त्याचं इंग्रजी विशेषण हायमेनॉप्टरस (hymenopterous). कीटकशास्त्राबाहेर ते फारसं भेटत नाही, त्यामुळे ते तोडताना हमखास गडबड होते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो अर्थाचे तुकडे आणि उच्चाराचे तुकडे एकच धरल्याने. अर्थाचे तुकडे चार: हायमेन म्हणजे पातळ पडदा, जोडणारा ओ, पी-टी-ई-आर म्हणजे पंख, आणि विशेषण करणारा ओ-यू-एस. पडद्यासारखे पंख असलेला, असा अर्थ. सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, मात्र पाच: हाय-म-नॉप्-ट-रस. पंखाच्या तुकड्यावर इथे मधोमध कात्री चालते. पी मागे चिकटतो, टी पुढे जातो.

कारण इंग्रजीत सिलॅबल ‘प्ट’ने सुरू होत नाही. टेरोडॅक्टिल (उडणारा प्राचीन सरीसृप) या शब्दाच्या तोंडाशी पी लिहितात, पण उच्चारत नाहीत. शब्दाच्या मध्ये त्याला मागच्या स्वराचा आधार मिळतो आणि तो ऐकू येतो. हेलिकॉप्टरचंही तसंच: लोक हेली आणि कॉप्टर असं तोडतात, मूळ जोड हेलिको आणि पी-टी-ई-आर यांची आहे.

देवनागरीत ‘प्ट’ जोडाक्षर एकत्र दिसतं, म्हणून आपण नॉ-प्टरस असं तोडतो. इथे वृत्ताचा नियम आठवा. ‘सप्त’मध्ये प् चा भार आधीच्या ‘स’वर जातो आणि तो गुरू होतो, तसाच इथला प् ‘नॉ’कडे जातो. (ग्रीक प्टेरॉन आणि पंख या अर्थाचं संस्कृत ‘पत्र’ एकाच, उडणे या अर्थाच्या मुळातून आलेत. शब्द वाटतो तितका परका नाही.)

मुख्य आघात ‘नॉप्’वर, दुय्यम ‘हाय’वर. देवनागरीतला ‘मे’ पाहून तो लांबवू नका. तिथला स्वर अगदी अस्फुट आहे. शेवटच्या ओ-यू-एसमध्ये स्वर दोन लिहिले तरी आवाज एकच, म्हणून सिलॅबलही एकच. त्याच्या आधी आय घुसवला की स्पेलिंग चुकलं.

‘ऑप्टर’ असा तुकडा पाडून त्याचा संबंध दृष्टीशी, ऑप्टिकशी लावणंही चूक. डिप्टरस म्हणजे दोन पंखांचा, त्यात तो जोडणारा ओ नाहीच.

नवा शब्द आला की आधी स्वरांचे आवाज मोजा, मग आघात शोधा, मग दोन स्वरांमधली व्यंजनं वाटा. अर्थाची फोड वेगळ्या ओळीवर लिहा. ॲप्टरसवर करून पाहा: उच्चाराने ॲप्-ट-रस, अर्थाने नकाराचा ए, पंख आणि प्रत्यय, म्हणजे बिनपंखी.