शेवटच्या सेमिस्टरमध्ये एक तरी बातमी तडीस न्या

दर जानेवारीत मला पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींचे फोन येतात. सुरुवात ठरलेली असते, "ताई, प्रोजेक्टला विषय काय घेऊ?" पाच मिनिटं बोलणं झालं की खरा प्रश्न बाहेर पडतो, "ताई, यात पुढे काही आहे का?" दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी करमाळा तालुक्यातली. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून पदवी केली, आता एका दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या संपादित करायच्या विभागात, तिसरं वर्ष चालू आहे. खोलीत आम्ही चौघी होतो, बाकीच्या तिघी एमपीएससीच्या. त्यांच्याकडे अभ्यासक्रम होता, जागांची जाहिरात होती, परीक्षेची तारीख होती. माझ्याकडे 'माध्यमांचा समाजावर होणारा परिणाम' हा विषय आणि ८० पानं भरायची सक्ती. ६ जानेवारीला, १८३२ साली 'दर्पण' निघालं त्या दिवशी, कॉलेजात पत्रकार दिन झाला. बाळशास्त्री जांभेकरांवर बोलून झाल्यावर पाहुण्यांनी विचारलं, "स्वतः शोधलेली बातमी कुणाकुणाची छापून आली आहे?" वर्गात आम्ही ४२ जण. तीन हात वर झाले. माझा त्यात नव्हता. त्याच रात्री मी विषय बदलला.

तर पहिली गोष्ट: विषय असा घ्या की प्रश्न एका ओळीत मावेल आणि त्याचं उत्तर कुठल्या तरी कागदावर असेल. 'परिणाम', 'भूमिका', 'एक अभ्यास' असे शब्द ज्या शीर्षकात येतात, तिथे बातमी सापडत नाही. माझा प्रश्न गावातून आला. आमच्याकडे पाण्याचं एटीएम आहे, ५ रुपयांचं नाणं टाकलं की २० लिटर पाणी. ते दिवाळीपासून बंद होतं. पत्र्याच्या दारावर वहीचं पान चिकटवलेलं, 'मशीन बंद आहे, सहकार्य करावे'. आई टेम्पोवाल्याकडून ३० रुपयांचा जार घेत होती. रोजचे २५ रुपये जास्त, म्हणजे महिन्याला ७५०. आमच्या भागात तेव्हा बाईला खुरपणीची ३०० रुपये मजुरी मिळत होती. म्हणजे महिन्यातले अडीच दिवस ती फक्त या वरच्या पैशांसाठी वाकून काम करते. माझा प्रश्न झाला: हे मशीन दुरुस्त करायचं काम कुणाचं?

मार्गदर्शकाशी भांडू नका. माझे सर तासिका तत्त्वावर होते, तीन कॉलेजांत शिकवायचे, माझ्यावर चिडायलाही त्यांना वेळ नव्हता. ते म्हणाले, "चौकट मोडू नकोस, बाहेरचे परीक्षक ती बघतात." मग उद्दिष्टं, गृहीतकं, प्रश्नावली सगळं लिहिलं आणि चौथं प्रकरण बातमीसाठी मागून घेतलं. एक प्रकरण कुणीही देतं. पूर्ण प्रोजेक्ट बदलायची परवानगी मागाल तर मार्च उजाडेल.

माहिती अधिकाराचा अर्ज जानेवारीतच टाका

हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगते आणि सगळ्यात कमी मुलं ऐकतात. २००५ च्या कायद्याप्रमाणे उत्तराला ३० दिवस असतात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील, त्याच्या निकालाला पुन्हा ३० दिवस, फार तर ४५. फेब्रुवारीच्या शेवटी अर्ज टाकला आणि अपिलाची वेळ आली, की तुमची परीक्षा होऊन जाते.

महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करतात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. पहिल्या अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

महत्त्वाचं म्हणजे अर्जात 'का' विचारायचं नाही. कागद मागायचा. माझ्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं, "मशीन इतके दिवस बंद का ठेवले आहे, याचा खुलासा करावा." पेठेतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ते खोडलं. म्हणाले, "खुलासा द्यायला ते बांधील नाहीत. जे दप्तरात आहे ते मागा." मग मी तीन गोष्टी मागितल्या: मशीन बसवणाऱ्यांबरोबरच्या करारनाम्याची प्रत, त्या मशीनच्या जमेच्या रोकड वहीतल्या नोंदी आणि दुरुस्तीबाबत झालेला पत्रव्यवहार. २९ व्या दिवशी ११ पानं हातात पडली, दोन रुपये पानाप्रमाणे २२ रुपये भरून.

तोवर हात बांधून बसायचं नाही. २६ जानेवारीला बहुतेक गावांत ग्रामसभा असते, तिला जाऊन बसा. कोण काय बोललं ते लिहून घ्या, नंतर इतिवृत्तात काय आलं ते ताडून बघा. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतीने कशावर खर्च केले, ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतं. टेम्पोवाल्याशी बोला. तो दिवसाला किती जार टाकतो, हे मला कुठल्याही प्रश्नावलीतून कळलं नसतं.

आणि जे सापडेल तेच लिहा. मी मनात धरून बसले होते की नाण्यांचे पैसे कुणीतरी खाल्ले. कागद तसं म्हणत नव्हते. देखभालीचा तीन वर्षांचा करार संपला होता आणि नवा करायचं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. मशीनमधलं पाणी गाळणारं मेंब्रेन बदलायचं ३८ हजारांचं कोटेशन येऊन पडलं होतं, ते मासिक सभेपुढे ठेवलंच गेलं नव्हतं. इतकंच. भ्रष्टाचाराची बातमी हातातून गेली म्हणून मी दोन दिवस नाराज होते. आज वाटतं, त्या सेमिस्टरमध्ये मी सगळ्यात जास्त शिकले ते त्या दोन दिवसांत.

नात्यातली बातमी असेल तर आधी सांगा. आमचे सरपंच माझ्या बाबांचे चुलतभाऊ. त्यांना आम्ही नाना म्हणतो. ते फोनवर म्हणाले, "पोरी, घरातलं बाहेर कशाला नेतेस?" बाबा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. ज्या दैनिकाला बातमी देत होते, त्याच्या जिल्हा आवृत्तीच्या वरिष्ठांना मी नातं सांगून टाकलं. त्यांनी नानांची बाजू दुसऱ्या बातमीदाराकडून घेतली. बातमी ३५० शब्दांत, चौथ्या पानावर, 'प्रतिनिधी' या नावाने आली. माझं नाव नव्हतं आणि मला ते खूप लागलं. मेंब्रेन मे महिन्यात बदललं. ते बातमीमुळे बदललं असं मी कुठेही सांगत नाही, कारण तसा कागद माझ्याकडे नाही.

इंटर्नशिपला फक्त प्रेसनोट टाइप करायला लावतात, ही तक्रार खरी आहे. मीही सहा आठवडे तेच केलं, एक रुपया मानधन नव्हतं. पण प्रेसनोट टाइप करायची नसते, फोडायची असते. मला आलेली एक नोट १८० शब्दांची होती. आरोग्य केंद्राच्या नव्या इमारतीचं लोकार्पण, मान्यवरांच्या शुभहस्ते, मोठ्या उत्साहात संपन्न, मग १४ नावं. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं, 'रिक्त असलेली तीन पदे लवकरच भरण्यात येतील, असे आश्वासन यावेळी देण्यात आले.' शेजारच्या उपसंपादक मॅडमनी त्या ओळीवर पेन्सिल ठेवली. "पदं एकूण किती? फोन लाव." मंजूर पाच होती. मग इंट्रो, म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य, असा झाला: 'नव्या इमारतीचं लोकार्पण झालं, पण पाचपैकी तीन पदे अद्याप रिक्त आहेत.' नावं चारवर आली. बातमी ६० शब्दांत बसली. रोज एका नोटेवर हे करा, आधीची आणि नंतरची कॉपी जवळ ठेवा. मुलाखतीला मी प्रमाणपत्रासोबत अशा २० जोड्या नेल्या होत्या. प्रमाणपत्र कुणी उघडून पाहिलं नाही.

टायपिंगबद्दल थोडक्यात: मोबाइलवर बोलून टाइप करण्यावर राहू नका. इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिका, रोज अर्धा तास. बऱ्याच कार्यालयांत अजून युनिकोड नसलेले जुने फाँट चालतात, तर मजकूर एकातून दुसऱ्यात नेल्यावर जोडाक्षरं कुठे तुटतात तेही बघून ठेवा. शासनाचं मराठी टायपिंगचं, मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र काढलंत तर ते इतरत्रही उपयोगी पडतं.

आता पुढे काय, याबद्दल

बातमी पूर्ण झाली की स्वतःला विचारा, यातलं कोणतं काम करताना जेवायची आठवण राहिली नाही? मला लोकांना फोन लावायचा ताण यायचा, पण १,४०० शब्दांचे ३५० करताना रात्रीचे दोन कधी वाजले ते कळलं नाही. म्हणून मी डेस्कवर आले. माझ्या मैत्रिणीचं उलट होतं, तिला लिहायचा कंटाळा आणि माणसं जोडायची हौस. ती आज तालुक्याला बातमीदारी करते. हे घरच्यांना विचारून ठरत नाही आणि वर्गात गुण किती पडले यावरूनही नाही.

बातमीदार म्हणून कुठे जाणार असाल तर तीन प्रश्न आधी विचारा, लाजू नका: नेमणूकपत्र मिळणार का, पीएफ कापणार का, जाहिरातीचं टार्गेट आहे का? तालुक्याच्या वार्ताहराला पुरवणीसाठी जाहिराती आणायला लावतात, आणि ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध लिहिताना हात थरथरतो. आधी माहीत असलं तर निदान ठरवून जाता येतं.

एका मित्राने आमदारांचं सोशल मीडियाचं काम धरलं. त्याला माझ्या दुप्पट पगार आहे, घरी कर्ज होतं, त्याचा निर्णय बरोबर आहे. फक्त तिथे गेल्यावर गळ्यात प्रेसचं कार्ड घालू नये, एवढं मला मनापासून वाटतं.

आणखी शिकायचं असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर इथल्या विद्यापीठांत विभाग आहेत. प्रवेशाच्या जाहिराती तुमच्या परीक्षेच्या धामधुमीत येतात, तेव्हा आठवड्यातून एकदा संकेतस्थळ बघायचा वार ठरवून ठेवा. पण नोकरी मिळत नाही म्हणून एमए करू नका. दोन वर्षांनी तुम्ही याच जागी उभे असाल. एमपीएससीकडे वळणाऱ्यांना मी अडवत नाही. राज्याच्या माहिती खात्यातली पदंही तिथूनच भरतात, आणि त्यांना पत्रकारितेचा अनुभव मागतात.

पैशांचं घरी स्पष्ट बोला. माझा हिशेब कॉट ३,८००, मेस ३,०००, बाकी धरून महिना ९,०००. निकालानंतर बाबांकडे चार महिन्यांचे ३६,००० मागितले, चार महिन्यांत काम लागलं नाही तर गावी येईन असं सांगून. तारीख ठरलेली असल्यामुळे त्यांनाही धीर आला आणि मलाही. काम तिसऱ्या महिन्यात लागलं.

खोली सोडायच्या आधी कात्रणं स्कॅन करा आणि प्रत्येकाच्या मागे पेनाने दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक लिहा. पाण्याच्या बातमीच्या दोन प्रती जास्त घेतल्या होत्या. एक बाबांनी कपाटात ठेवली आहे, सातबाऱ्याच्या फायलीत.