बटाट्याच्या बेण्यातला व्हायरॉइड प्रयोगशाळेत कसा शोधावा

एलायझामध्ये (अँटिबॉडीने रोगजंतूचं प्रथिन पकडणाऱ्या चाचणीत) निर्दोष ठरलेल्या बेण्यातही स्पिंडल ट्यूबर रोगाचा व्हायरॉइड असू शकतो. हा व्हायरॉइड म्हणजे ३५९ न्यूक्लिओटाइडांचं उघडं, वर्तुळाकार आरएनए. त्याला प्रथिनाचं कवच नसतं, म्हणून अँटिबॉडीला पकडायला काहीच मिळत नाही. आरएनएच शोधावं लागतं.

विदर्भात बेणं पावशीवर (विळीवर) कापून लावतात आणि रोगट कंदाचा रस पात्यावरून पुढच्या कंदांत जातो. त्यामुळे नमुना बेणं कापण्याआधीच काढा. कंद धुऊन कोरडा करा आणि देठाकडचा व डोळ्यांकडचा, असे दोन्ही टोकांचे तुकडे घ्या. कोंब फुटले असतील तर तेही घ्या. दर कंदानंतर हत्यार १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. नुसतं स्पिरिट पुसून भागत नाही.

बटाट्यातला स्टार्च आणि तपकिरी पडणारी फिनॉलं पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी चाचणी) अडवतात. म्हणून २०० मिग्रॅ गर द्रव नायट्रोजनमध्ये वाटून १ मिली सीटीएबी (पेशी फोडणारं डिटर्जंट) बफरमध्ये घाला. बफरमध्ये २ टक्के पीव्हीपी (फिनॉलं धरून ठेवणारं रसायन) असावं. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ऐनवेळी, फ्यूम हूडखालीच मिसळा. ६५ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं ठेवा, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलने (२४:१) दोनदा स्वच्छ करा.

यानंतर आरएनए खाली बसवताना हमखास होणारी चूक लिथियम क्लोराइडची. २ मोलर द्रावणात मोठं आरएनए खाली बसतं, व्हायरॉइडसारखं लहान आरएनए वरच्या द्रवातच राहतं. नेहमीच्या सवयीने तो द्रव ओतून दिला तर रोगट कंदही निरोगी ठरतो. त्यापेक्षा आरएनए आयसोप्रोपॅनॉलने खाली बसवा आणि ७० टक्के इथेनॉलने धुवा. वीज गेली तर खाली बसलेला आरएनएचा गोळा इथेनॉलखालीच, उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये राहू द्या. पाण्यात विरघळवून ठेवू नका.

हे आरएनए स्वतःवरच घट्ट दुमडलेलं असतं. प्रायमरसह (त्याला जुळून चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यासह) ९५ अंशांना ५ मिनिटं तापवून ताबडतोब बर्फात ठेवा, मगच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएची डीएनए प्रत बनवणं) आणि पीसीआर करा. ही पायरी गाळली की जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा फिका येतो किंवा येतच नाही. पूर्ण वर्तुळ वाचणाऱ्या प्रायमरजोडीने सुमारे ३६० बेसपेअरचा पट्टा मिळतो. खात्रीचा रोगट कंद, निरोगी कंद आणि नुसतं पाणी प्रत्येक वेळी सोबत चालवा. शिवाय बटाट्याच्या एखाद्या जनुकाची पीसीआरही लावा. तिचा पट्टा नसेल तर 'रोग नाही' असा निकाल देऊ नका.

शंका उरली तर कंद कुंडीत लावून २५ ते ३० अंशांत वाढवा आणि कोवळी पानं तपासा. हिवाळ्यातल्या गार रात्रींत व्हायरॉइड मंद वाढतो, त्यामुळे डिसेंबरातलं टवटवीत झाड पाहून बेणं निर्दोष समजू नका.